जुन्या पद्मिनीचे व्हॉल्व्ह आणि उद्यमनगरातील एक हेड-मिस्त्री

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात केवळ सिलिंडर हेडचे, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे, काम करणारी एक लहान कार्यशाळा आहे. माझ्याकडील प्रीमियर पद्मिनीच्या व्हॉल्व्हचे (सिलिंडरात मिश्रण घेणाऱ्या आणि जळका वायू सोडणाऱ्या झडपांचे) संपूर्ण काम तेथे करून घेतले, त्याचे हे परीक्षण आहे. कार्यशाळेचे नाव मी मालकांच्या विनंतीवरून देत नाही. हाताखाली मोजकीच माणसे असल्याने आलेले कामच वेळेत उरकत नाही आणि नाव छापून आले की फोन घेण्यात दिवस जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. उद्यमनगरातील कोणत्याही जुन्या स्पेअर पार्ट दुकानात ‘हेडवाले मिस्त्री’ असे विचारले, तर वाट दाखवणारा माणूस भेटतो. निकाल आधीच सांगतो. दुरुस्ती उत्तम आहे, पण या जागेचे खरे मोल रोगनिदानात आहे. मोजमाप घेतल्याशिवाय येथे एकही नट सैल होत नाही, आणि जुन्या इंजिनाच्या बाबतीत ही शिस्त पाळणारी गॅरेजे माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत.

प्रथम इंजिनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व काम त्याच्या रचनेवर अवलंबून आहे. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती कित्येक दशके तयार होत असे. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन 1089 सीसीचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवट्यांचा फिरता दांडा, हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असते आणि साखळीवर फिरते. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हची दांडी खाली दाबते. एका व्हॉल्व्हसाठी इतके भाग एकमेकांना टेकत असल्याने प्रत्येक सांध्यातील झीज बेरजेने वाढत जाते आणि शेवटी सगळा हिशेब रॉकर व दांडी यांमधील फटीत दिसतो; गॅरेजच्या बोलीत या फटीलाही ‘टॅपेट’च म्हणतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो, हे लक्षात घेतले म्हणजे कागदाच्या जाडीइतक्या त्या फटीला एवढे महत्त्व का, ते कळते.

माझ्या गाडीची तक्रार दुहेरी होती. वरच्या झाकणाखालून टकटक येत होती आणि ती इंजिन तापल्यावरही जात नव्हती. ही टकटक घेऊन मी आधी एका दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो होतो. तेथे झाकण उघडून, इंजिन चालू ठेवून, प्रत्येक रॉकरचा स्क्रू आवाज बंद होईपर्यंत आवळला गेला. गाडी शांत झाली, आणि पुढे काही महिन्यांत तिचे पिकअप गेले, स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन हेलकावे खाऊ लागले, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की मधूनच एक ठोका चुकल्यासारखा लागे. त्याच गॅरेजचे दुसरे निदान असे होते की पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, इंजिन पूर्ण उतरवून बोअर करावे, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कापावे लागेल. हे निदान कानाने आणि अंदाजाने झालेले होते.

उद्यमनगरातील मिस्त्रींनी गाडी पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला तो धुराविषयी. धूर केव्हा येतो, चढावर की उतारावर? कोल्हापूरकरांना या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. त्या वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण आत नेणाऱ्या नळीत) मोठी पोकळी तयार होते आणि व्हॉल्व्हचे गाइड (दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या) झिजले असतील तर वरचे ऑइल त्या पोकळीने खाली ओढले जाते. घाट संपल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळ्या धुराचा लोट मागे दिसतो. रिंगा गेलेल्या असतील तर धूर चढावर, भाराखाली अधिक येतो आणि सारखा येत राहतो. माझ्या गाडीचा धूर उताराच्या शेवटी येई आणि थोड्या वेळात थांबे. तेवढ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला नाही. फक्त वहीत नोंद केली. ती वही हा या कार्यशाळेचा सर्वांत महागडा ऐवज आहे असे माझे मत झाले आहे.

त्यानंतर ही पोकळी मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला गेला. हे साधन आता फारसे कोणी वापरत नाही, पण कार्बुरेटरच्या इंजिनासाठी त्याच्याइतके बोलके आणि स्वस्त साधन दुसरे नाही. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा स्लोवर साधारण पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचीवर असल्याने येथे तोच आकडा जवळजवळ दोन इंचांनी कमी येतो. पुस्तकातील आकडा जसाच्या तसा धरून चांगल्या इंजिनाला आजारी ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. मिस्त्रींचे लक्ष मात्र आकड्याकडे नव्हते, काट्याच्या हालचालीकडे होते. काटा ठरावीक अंतराने एकदा खाली झटका देऊन परत येत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. स्लोवर काटा बारीक थरथरत असेल, तर गाइड सैल आहेत. इंजिनाचे फेरे वाढवल्यावर थरथर वाढत गेली, तर स्प्रिंग अशक्त झाल्या आहेत. माझ्या गाडीचा काटा नियमित झटका देत होता आणि दोन झटक्यांच्या मध्ये किंचित थरथरतही होता. एकाच साधनाने दोन वेगळे दोष एका वेळी दाखवले.

पुढची पायरी कॉम्प्रेशनची. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, चार्ज केलेल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब घेतला गेला. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला दाब खोटा असतो, तरीही अनेक ठिकाणी तसाच घेतात. दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरात दाब (दर चौरस सेंटिमीटरला) 9 किलोच्या वर होता, पहिल्यात साडेसातच्या आसपास आणि तिसऱ्यात 5 च्याही खाली. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा दाब घेतला. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट भरून दाब चांगला वाढला असता. येथे काटा जेमतेम हलला. याचा अर्थ गळती खाली नव्हती, वर होती. बोअर करण्याचा सल्ला येथेच निकालात निघाला, आणि तो निघण्यासाठी लागले चमचाभर ऑइल.

यानंतर त्यांनी जे केले ते मला सर्वांत आवडले. हेड उघडण्याची घाई न करता त्यांनी थंड इंजिनावर सर्व टॅपेट कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला सैल केले आणि मगच पुन्हा दाब घेतला. पहिल्या सिलिंडरचा दाब लगेच इतरांच्या बरोबरीला आला, तिसऱ्याचा आला नाही. म्हणजे पहिल्याचा व्हॉल्व्ह केवळ आवळलेल्या स्क्रूमुळे उघडा राहत होता आणि अजून वाचलेला होता. तिसऱ्याचा मात्र जळला होता. टॅपेट न सोडता दाब घेऊन थेट हेड उतरवणाऱ्याला हा फरक कधीच कळला नसता. खात्रीसाठी तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या बिंदूवर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. कार्बुरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कार्यशाळेतील मुलाने मागे जाऊन सायलेन्सरला कान लावला आणि हात वर केला.

येथे टकटकीचा मुद्दा वेगळा काढला पाहिजे, कारण तो बहुतेक गाडीवाल्यांच्या समजुतीच्या उलट आहे. वाजणारा टॅपेट हा त्रासदायक असतो, पण सहसा लगेच घातक नसतो. फट जास्त आहे, व्हॉल्व्ह थोडा उशिरा व थोडा कमी उघडतो, एवढेच. न वाजणारा, आवळलेला टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके भाराखाली लालबुंद होण्याइतके तापते आणि त्यातील उष्णतेचा मोठा भाग, सुमारे तीन चतुर्थांश, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधील त्याच्या बैठकीच्या कडीवर, टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरतो. फट नसेल तर तो पुरता टेकत नाही, उष्णतेला वाट राहत नाही, गरम वायूची बारीक धार एकाच जागेवरून सुटत राहते आणि कड खाल्ली जाते. शांत झालेल्या इंजिनावर समाधान मानणारा गिऱ्हाईक म्हणूनच अधिक धोक्यात असतो. मिस्त्री हे सांगताना कोणाही गॅरेजला नावे ठेवत नाहीत. ते फक्त फट मोजण्याचे पात्यांचे फिलर गेज पुढे करतात.

पण मग मूळची टकटक कशाची होती? इंजिन चालू असताना त्यांनी एकेका रॉकरखाली फिलर गेजचे पाते सरकवले. ज्या रॉकरशी पाते घातल्यावर आवाज थांबतो, तेथे दोष असतो. दोन ठिकाणी आवाज थांबला. ते रॉकर काढून पाहिले तर दांडीवर टेकणाऱ्या तोंडात घासून घासून खळगा पडलेला. दांडीचे टोक त्या खळग्यात बसते, फिलर गेजचे सपाट पाते मात्र खळग्याच्या दोन कडांवर आडवे राहते. त्यामुळे गेजने मोजलेली फट आणि खरी फट यांत तफावत पडते. गेजच्या मापाने नीट बसवलेला टॅपेटही अशा वेळी वाजतच राहतो, आणि मग वैतागलेला माणूस आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळतो. माझ्या गाडीच्या जळलेल्या व्हॉल्व्हचे मूळ त्या खळग्यात होते. ही साखळी उलगडून दाखवण्याचे वेगळे पैसे लावलेले नव्हते, याची येथे नोंद करतो.

हेड उतरवण्यापूर्वी पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज लावून आठही कॅमची उचल मोजली गेली. सर्व उंचवटे जवळजवळ सारखे आले, म्हणजे कॅमशाफ्ट वाचला होता. ती बातमी मोठी होती, कारण उचल कमी भरली असती तर ब्लॉकपर्यंत हात घालावा लागला असता आणि खर्चाने वेगळेच वळण घेतले असते. पुशरॉड काचेच्या तुकड्यावर लोळवून सरळ आहेत का ते पाहिले. एक वाकडा निघाला. टॅपेटचे तळ पाहिले, त्यांवर खड्डे नव्हते. तळाला खड्डे पडलेला टॅपेट पुन्हा घातला की तो नवा कॅमही खातो, म्हणून ही तपासणी टाळता येत नाही.

हेड उतरल्यावर तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अपेक्षेप्रमाणे एका बाजूला चरा पडल्यासारखा जळलेला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारही एक्झॉस्ट सीट आत बसत गेल्या होत्या. याला दोन कारणे संभवतात आणि बहुधा दोन्ही खरी आहेत. ही गाडी मागच्या मालकाकडे बरीच वर्षे एलपीजी किटवर चालली. कोरड्या वायूवर सीटची झीज अधिक होते. दुसरे कारण पेट्रोलचे. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याचा पातळ थर सीट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये गादीसारखा राहत असे. 2000 साली देशभर शिसेरहित पेट्रोल आले आणि ते आरोग्याच्या दृष्टीने योग्यच झाले, पण त्याआधीच्या इंजिनांतील मऊ सीट उघड्या पडल्या. सीट आत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो, दांडीचे टोक रॉकरच्या जवळ येते आणि फट कोणी हात न लावता आपोआप कमी होते. म्हणजे वाजणारी गाडी वर्षानुवर्षांत स्वतःहून शांत होत असेल, तर ते शुभलक्षण नव्हे.

दुरुस्तीचा तपशील आता सांगतो. जुन्या एक्झॉस्ट सीट मशिनवर कापून काढल्या आणि त्यांच्या जागी कठीण पोलादाच्या नव्या बसवल्या. ॲल्युमिनियमचे हेड भट्टीत गरम करून आणि सीटची कडी थंड करून बसवतात. दोन्ही एका तपमानाला आल्यावर पकड घट्ट होते. ठोकून बसवलेली सीट ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पुढे सैल होऊन गळून पडल्याची उदाहरणे आहेत, आणि तसे झाले तर पिस्टनही जातो. ठोकाठोकीचा आवाज येथे ऐकू आला नाही, हे मुद्दाम लिहितो. गाइडही अशाच रीतीने बदलून, नंतर रीमर मारून दांडीच्या मापाला आणले. आधी गाइड, मग सीट, हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सीट कापण्याच्या हत्याराचा मधला दांडा गाइडमध्येच बसतो. गाइड सैल असेल तर सीट एककेंद्री होत नाही आणि नवा व्हॉल्व्हही एका बाजूला टेकत राहतो.

सीट तीन कोनांत कापली गेली. टेकण्याची जागा 45 अंशांची, तिच्या वर आणि खाली वेगळ्या कोनांचे कट देऊन मधली पट्टी दीड मिलिमीटरपेक्षा थोडी कमी रुंदीची ठेवली. पट्टी फार रुंद झाली तर दाब विखुरतो आणि कार्बन अडकतो. फार अरुंद झाली तर उष्णता वाहून न्यायला जागा पुरत नाही. एक्झॉस्टची पट्टी इनटेकपेक्षा किंचित रुंद ठेवण्याचे कारणही हेच. निळा रंग लावून टेकण्याची रेघ सगळीकडून अखंड येते का ते पाहिले, आणि त्यानंतर बारीक पेस्टने हलके घासून घेतले. पेस्टने तासन्‌तास घासून वाकडी सीट सरळ होते ही समजूत चुकीची आहे. त्याने व्हॉल्व्हच्या तोंडात चर पडतो. शेवटी व्हॉल्व्ह व स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतून हेड कलते ठेवले. सकाळी बाहेरच्या बाजूला ओल नव्हती.

मला एका गोष्टीची विशेष दखल घ्यावीशी वाटते. नव्या सीटमुळे व्हॉल्व्हच्या दांडीची उंची बदलते आणि तिच्याबरोबर रॉकरचा कोन आणि स्प्रिंगचा दाबही बदलतो. मिस्त्रींनी प्रत्येक दांडीची उंची हेडच्या पृष्ठापासून मोजून आठही एका मापात आणल्या. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजली, वजनाखाली दाबून ताकद पाहिली आणि दोन स्प्रिंग बदलल्या. हेडचे तोंड सरळपट्टी व फिलर गेजने तपासून अगदी पातळ थर काढला. ॲल्युमिनियमच्या हेडवर उगाच जाड थर काढणारे लोक पुढच्या दुरुस्तीची जागाच खाऊन टाकतात.

रॉकर शाफ्टची झीज नेहमी खालच्या बाजूला असते, कारण पुशरॉड आणि स्प्रिंग दोन्हीकडून रॉकरला वर रेटत असतात. वरून पाहिले तर शाफ्ट नव्यासारखा चकचकीत दिसतो; बोट खालून फिरवले की पायऱ्या लागतात. माझ्या गाडीच्या शाफ्टमध्ये त्या होत्याच, शिवाय ऑइलची बारीक भोके गाळाने निम्मी बुजलेली होती. शाफ्ट नवा घातला, रॉकरचे बुश बदलले, खळगे पडलेली तोंडे घासून मूळच्या गोलाईला आणली. ही घासाई हाताने होते आणि ती करणारा म्हातारा कारागीर आठवड्यातून काहीच दिवस येतो. त्याच्या हाताखाली कोणी शिकताना मला दिसले नाही.

सुट्या भागांची स्थिती हा स्वतंत्र विषय आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग वर्षानुवर्षे सहज मिळत होते. उत्पादन थांबल्यावरही टॅक्सी धावत होत्या. शेवटची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली, आणि वीस वर्षांची मुदत संपून तीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यामुळे आता मागणी हौशी मालकांपुरती उरली आहे आणि दुकानांत जुना शिल्लक माल किंवा कोठून बनून आला हे सांगता न येणारा नवा माल, असे दोनच पर्याय असतात. पुण्याच्या नाना पेठेतून मी आणलेल्या व्हॉल्व्हच्या संचावर मिस्त्रींनी चुंबक फिरवले. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके उष्णता सोसणाऱ्या ज्या मिश्र पोलादाचे असते त्याला चुंबक धरत नाही. इनटेकच्या साध्या पोलादाला धरते. संचातील एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके चुंबकाला झटकन चिकटले आणि तो बाजूला ठेवला गेला. दांडीचा भाग चिकटला तर घाबरू नये, कारण दोन धातू जोडून केलेले चांगले व्हॉल्व्हही असतात. पाहायचे ते डोके. हा प्रयोग कोणालाही दुकानाच्या काउंटरवर करता येतो.

जुळणीच्या वेळी हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले गेले. टॅपेटचे माप थंड इंजिनावर घेतले. फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम 1-3-4-2 असल्याने चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र डोलतात (एक मिटत असतानाच दुसरा उघडू लागतो) तेव्हा पहिल्याचे माप घ्यायचे, पहिल्याचे डोलतात तेव्हा चौथ्याचे. दुसरा आणि तिसरा यांची जोडी तशीच. पाते फटीतून किंचित अडखळत सरकले पाहिजे, आणि लॉकनट आवळल्यावर माप पुन्हा घेतले पाहिजे, कारण नट आवळताना स्क्रू जरासा फिरतोच. हे दुसरे माप घेताना मी त्यांना एकदाही विसरताना पाहिले नाही.

परिणाम स्पष्ट आहे. चारही सिलिंडरांचा दाब आता एकमेकांच्या अर्ध्या किलोच्या आत आहे. व्हॅक्यूमचा काटा स्थिर उभा राहतो. स्लोवर गाडी डोलत नाही, गगनबावड्याचा चढ तिसऱ्या गिअरवर पूर्वीपेक्षा बराच लांब खेचते, आणि घाटाखालचा धूर नाहीसा झाला. इंजिन पूर्ण निःशब्द झालेले नाही. बारीक, एकसारखी टिकटिक कान देऊन ऐकली तर येते. मिस्त्रींच्या मते या इंजिनाचा तो निरोगी आवाज आहे आणि आता मलाही ते पटले आहे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव वेळेची. दिलेली मुदत पाळली गेली नाही आणि उशीर होतो आहे हे आपण जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. खर्चाचा अंदाज आधी लेखी मिळत नाही. हेड उघडल्यावर सांगू, असे उत्तर येते. ते तांत्रिकदृष्ट्या प्रामाणिक असले, तरी कमाल मर्यादा सांगणे अशक्य नाही. मला सुटे भाग धरून 20,000 रुपयांच्या थोडा वर खर्च आला, जो पूर्ण इंजिन बोअर करण्याच्या तुलनेत कमीच आहे, पण पावती एका ओळीची होती. मजुरी, मशिन काम आणि भाग वेगळे लिहून द्या, असे मला दोनदा सांगावे लागले. काढलेले जुने भाग मात्र न मागता पिशवीत बांधून दिले. धुण्याची जागा आणि जुळणीची जागा यांत चार हातांचेही अंतर नाही, वाऱ्याने धूळ येते. एवढे काटेकोर मोजमाप करणाऱ्यांनी जुळणीसाठी एक बंद खोली करायला हवी. कार्बुरेटरला ते हात लावत नाहीत. इतक्या कामानंतर मिश्रण नव्याने लावणे आवश्यक असते, कारण मिश्रण पातळ राहिले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा अति तापतो. त्यासाठी गाडी दुसरीकडे न्यावी लागते. हे त्यांनी आधी सांगितले असते तर मी दोन्ही कामे लागोपाठ ठरवली असती.

ऑइलच्या बाबतीतील त्यांचा सल्ला येथे नोंदवतो, कारण तो या रचनेच्या सर्व जुन्या इंजिनांना लागू आहे. कॅम आणि सपाट तळाचा टॅपेट एकमेकांवर घासत चालतात. त्यांच्यामधील थर टिकवण्यासाठी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे पुरेशी लागतात. नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जपण्यासाठी आधुनिक ऑइलमध्ये फॉस्फरसचे प्रमाण घटवले गेले आहे, म्हणून पंपावर सुचवले जाणारे अतिपातळ आणि महागडे सिंथेटिक ऑइल पद्मिनीसाठी योग्य ठरत नाही. 20डब्ल्यू-50 दर्जाचे साधे खनिज ऑइल, वेळेवर बदललेले, हेच त्यांचे उत्तर आहे. सुरुवातीच्या 500 किलोमीटरनंतर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासून घ्यायचे असतात. ती तपासणी मूळ मजुरीतच धरलेली होती.

मारुती 800 किंवा त्यानंतरच्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ओव्हरहेड कॅमच्या गाड्यांची हेडही तेथे येताना दिसली, पण त्यांच्यासाठी एवढ्या लांबून यावे असे मी म्हणणार नाही. ते काम चांगले करणारे कारागीर प्रत्येक मोठ्या गावात आहेत. पद्मिनी, ॲम्बॅसडर, जुनी जीप अशा पुशरॉडच्या इंजिनांसाठी मात्र सांगली, सातारा, बेळगाव किंवा सिंधुदुर्गातून येणेही परवडेल. येणाऱ्यांनी शक्य असल्यास गाडीची मूळ पुस्तिका किंवा तिची झेरॉक्स बरोबर आणावी, गाडीवर पूर्वी गॅस किट होते का ते सांगावे, आणि आदल्या संध्याकाळी गाडी तेथे लावून जावे. इंजिन रात्रभर थंड झाल्याशिवाय ते टॅपेटला गेज लावत नाहीत, आणि सकाळी गाडी चालवत आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी या असे सांगून परत पाठवतात.